चित्राचा अर्थ कोणी ठरवावयाचा?

पूर्वी संगणकाशी व्यवहार करावयाचा म्हणजे त्याच्या आज्ञा शब्दशः पाठ असाव्या लागत. एक अक्षर चुकले की यंत्र अडून बसे, आणि चांगला शिकलेला माणूसही त्याच्यापुढे बुजून जाई. हे भय घालविण्यासाठी पडद्यावर लहान लहान चित्रे आली. त्यांचा इतिहास थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. यंत्राच्या प्रगतीइतकाच त्यात न्यायाचाही प्रश्न आहे: गोंधळ झाला तर दोष कोणाचा, चित्राचा की पाहणाराचा?

१९७५ साली डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ याने स्टॅनफर्ड विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात अशा चित्रांना ‘आयकॉन’ हे नाव दिले. पुढे तो झेरॉक्स कंपनीत गेला, आणि १९८१ साली त्या कंपनीचा ‘स्टार’ हा संगणक बाजारात आला. त्याचा पडदा म्हणजे जणू कचेरीतील टेबलच. त्यावर कोपरा दुमडलेला कागद, फाईल, आलेल्या व जाणाऱ्या टपालाचे ट्रे अशी चित्रे मांडलेली होती. कचेरीतील माणसाच्या रोजच्या सवयीचा आधार घ्यावा, ही त्यामागील कल्पना.

परंतु आमच्या मते त्या मंडळींचा खरा मोठेपणा पुढेच आहे. त्यांनी चित्रांचे चार निरनिराळे संच करविले आणि ते लोकांपुढे ठेवले. हे चित्र कशाचे, असे विचारले. हवे ते चित्र हुडकावयास किती वेळ लागतो, तेही मोजले. चित्र काढणाराला त्याचा अर्थ आधीच ठाऊक असतो. त्याची साक्ष येथे काय कामाची? वापरणाराची साक्ष घेतली पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

१९८४ साली ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश निघाला. त्याची चित्रे सुझन केअर या चित्रकर्तीने चौकटींच्या कागदावर आखली. एका चित्रास आडवे ३२ व उभे ३२, म्हणजे अवघे १०२४ ठिपके. प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा. एवढ्या काटकसरीतही कचऱ्याचा डबा पाहताच ध्यानी येई की, नको ते येथे टाकावे. पण त्याच यंत्रातून फ्लॉपी बाहेर काढण्याची एक रीत अशी होती की, तिचे चित्र ओढून त्याच डब्यात टाकावयाचे! आपले सारे लिखाण पुसले जाईल या धास्तीने नवख्याचा हात थबके. त्याला अडाणी कसे म्हणावे? डब्याचा अर्थ त्याला बरोबर समजला होता म्हणूनच तो थबकला. पुढे मॅक ओएस एक्स या प्रणालीत अशी वस्तू ओढू लागताच डब्याच्या जागी बाहेर काढण्याची खूण दिसू लागली. दोष चित्राकडे होता, हे करणारांनी अशा रीतीने मान्यच केले.

फ्लॉपीची पुढील हकीकतही बोधप्रद आहे. सोनी कंपनीने जपानात साडेतीन इंची फ्लॉपीची विक्री २०११ साली थांबविली. पण लिखाण जतन करण्याची खूण म्हणून तिचे चित्र अद्याप अनेक ठिकाणी आहे. जिने फ्लॉपी कधी हाती धरली नाही अशी पिढीही ते बिनचूक वापरते. वस्तू गेली, संकेत उरला. आपणास हे नवे वाटू नये. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे व तीवर त्याचे चिन्ह असे. बैलजोडी म्हणजे काँग्रेस, हे त्या चित्रात कोठे होते? ते गल्लोगल्ली सांगावे लागले.

तेव्हा काही चित्रे ओळखीने समजतात, काही शिकविल्याने. जेथे ओळख नाही तेथे खाली शब्द लिहावा, आणि रुळलेली खूण उगाच बदलू नये. आपल्यापैकी कोणी फोन हाती घेऊन ‘मला यातले काही कळत नाही’ म्हणत असेल, तर त्याने लगेच स्वतःस दोष देऊ नये. हे चित्र काढणाराने माझ्यासारख्या कोणास विचारले होते काय, एवढे त्याने आधी विचारावे.