भुईकोट किल्ला आणि अंटार्क्टिकाचा प्रश्न

नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगते. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ हे त्या लेखनाचे महिने. मला मात्र त्याआधीचा फेब्रुवारी खुणावतो. नेहरूंना कैदेत ठेवणाऱ्या ब्रिटिश सरकारने त्याच महिन्यात अंटार्क्टिकाच्या टोकाशी गुपचूप दोन ठाणी उभारली : एक डिसेप्शन बेटावर, दुसरे पोर्ट लॉकरॉयला. मोहिमेचे सांकेतिक नाव ‘ऑपरेशन टॅबरिन’, तेही पॅरिसमधल्या एका रंगेल नाचघरावरून! जर्मन जहाजांवर पाळत हे सांगायचे कारण. खरी चिंता अर्जेंटिनाच्या दाव्याची होती.

युद्ध संपले, हा तंटा संपला नाही. ब्रिटन, अर्जेंटिना, चिली तिघेही एकाच द्वीपकल्पावर मालकी सांगत. १९५५मध्ये ब्रिटनने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. इतर दोघांनी त्या न्यायालयाचा अधिकारच मानला नाही. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया कोणाचाच दावा मानत नसत, पण स्वतःचा हक्क राखून होते.

अशा वेळी, फेब्रुवारी १९५६मध्ये, नेहरूंच्या सरकारने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या विषयपत्रिकेवर घेण्याची मागणी केली. हा खंड शांततेसाठी आणि सर्वांच्या हितासाठी राहावा. तिथे अणुस्फोट झाले तर हवामान बिघडेल, असे भारताचे म्हणणे. मृगापासून आभाळाकडे डोळे लावणाऱ्या आमच्या जिल्ह्याला ही भीती परकी वाटू नये. पण गंमत पाहा : आपसात भांडणारे ते तिघे भारताला अडवायला मात्र एका बाजूला आले. त्यातच सुएझ आणि हंगेरी पेटले. भारताने विषय मागे घेतला. १९५८मध्ये कृष्ण मेनन यांनी तो पुन्हा काढला, तोही बारगळला.

१ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या. लष्करी तळ नाहीत, अणुस्फोट नाहीत, मालकीचे दावे आहेत तिथेच गोठवलेले, आणि एकमेकांच्या ठाण्यांची तपासणी करण्याची मुभा. ऐन शीतयुद्धात दोन महासत्तांनी हे मान्य करावे, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही या कराराचे निव्वळ कौतुक मला करवत नाही. भारताने मागितलेले बरेचसे त्यात होते. सर्व राष्ट्रांचे व्यासपीठ तेवढे नव्हते, आणि भारताला बोलावणेही नव्हते.

पुढे डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची तुकडी ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. तीही गुपचूपच. ९ जानेवारी १९८२ला ती अंटार्क्टिकावर उतरली. सप्टेंबर १९८३मध्ये भारताला करारात निर्णयाचा अधिकार असलेले स्थान मिळाले. त्याच वर्षी मलेशियाच्या पुढाकाराने अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत पुन्हा आला, तेव्हा भारत कराराची बाजू मांडत होता.