जुन्नरी कागदाची कुळकथा

जुन्नर शहराच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर नाणेघाट आहे. घाटाच्या तोंडाशी एक लेणे असून त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख कोरलेला आहे. कोणकोणते यज्ञ झाले आणि गाई, घोडे, नाणी मिळून किती दक्षिणा वाटली, ह्याचा तो हिशेबच होय. दोन हजार वर्षांपूर्वी हिशेब जतन करावयाचा तर तो दगडात खोदावा लागे. पुढे अनेक शतके ह्याच लेखाजवळून मालाने भरलेल्या गोणी बैलांच्या पाठीवर कोकणातून देशावर आणि देशावरून कोकणात जात राहिल्या. त्या गोणी झिजून फाटल्या की उकिरड्यावर जात नसत. घाटाच्या वरच्या मुलखात, जुन्नर शहरात, त्यांचा कागद होई आणि मग त्याच गोणींवर राज्याचे हिशेब लिहिले जात.

जुन्नरी कागदाचे नाव मराठी दप्तरे चाळणाऱ्यांना परिचित आहे. दौलताबादी कागदाच्या जोडीने त्याचा उल्लेख होतो. दौलताबादेजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दक्षिणेत हलविली तेव्हा त्याच्या लवाजम्याबरोबर कागद करणारे कारागीर आले आणि तेथे वसले, असे परंपरा सांगते. जुन्नरही सुलतानी अमलातील मोठे ठाणे होते. १४९० मध्ये मलिक अहमदाने स्वतंत्र निजामशाही पुकारली ती येथूनच, आणि अहमदनगर वसण्यापूर्वी त्याची राजधानी येथे होती. जेथे राजधानी तेथे दफ्तर, आणि दफ्तर म्हटले की कागद आलाच. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी जुन्नरवर छापा घातला त्या वेळी ते मोगलांकडे असलेले श्रीमंत शहर होते. राज्ये बदलली, पण कागदाची गरज कोणत्याच राज्याला सुटली नाही. कागद करणारे कागदी हे मुसलमान. त्यांची विद्या बापाकडून मुलाकडे जाई. ह्या घराण्यांपैकी काही पुढे पुण्यास गेली. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा त्यांच्या धंद्याचे नाव अद्याप सांभाळून आहे.

आता ह्या कागदाचे कूळ पाहावयाचे तर कागद्याच्या घरात न शिरता प्रथम शेतकऱ्याच्या घरात शिरले पाहिजे. जुन्नर व आंबेगाव ह्या दोन शेजारच्या तालुक्यांत पश्चिमेस भात, नाचणी आणि रानातला हिरडा, तर पूर्वेस बाजरी असा माल निघतो. तो वाहून न्यावयास गोणी लागत, आणि गोणी विकत आणण्याची वस्तू नसून पुष्कळदा घरीच तयार होण्याची होती. शेताच्या कडेला अंबाडी व ताग पेरीत. अंबाडीच्या कोवळ्या पाल्याची भाजी होई. जून झालेल्या काड्या पाण्यात कुजवून त्यांचा वाख काढीत. रिकाम्या वेळी घरातील म्हातारी माणसे ह्या वाखाला पीळ देत बसत. पोरे दोराचे टोक धरून उभी राहत. त्यातून मोटेचा नाडा निघे, बैलांचे दावे व कासरे निघत, बाजेचे सुंभ निघे, गोणी व तरटे विणली जात.

वस्तू एकदा झाली म्हणजे तिची उतरंड ठरलेली असे. मोटेचा नाडा विहिरीच्या चाकावर झिजला की त्याचे तुकडे करून गुरे बांधावयाची. दावे कुजावयास लागले की त्याची सुते उकलून कुंपणाच्या काट्या आवळावयाच्या. गोण फाटली की उसवून तिचे तरट करावयाचे. तरट अगोदर ओसरीवर, मग गोठ्यात. कापडाचीही तीच गत होती. लुगडे विटले की त्याचे परकर, मऊ पडले की तान्ह्या मुलाचे अंगडे व दुपटे, उरलेल्या पदरांची वाकळ, आणि अगदी शेवटी चुलीजवळचे पोतेरे. धोतराच्या पांढऱ्या चिंध्या दिव्याच्या वातींसाठी राखून ठेवीत. फुटके तांब्यापितळेचे भांडे कासाराकडे मोडीत जाई. टाकून देणे हा शब्द ह्या संसारात फारसा लागत नसे, आणि ह्यात कोणी कोणावर उपकार करीत नव्हते. वस्तू दुर्मिळ होती, हात स्वस्त होते, एवढाच त्याचा अर्थ. आज त्या काटकसरीचे गोडवे गाताना ती पुष्कळ अंशी दारिद्र्याने शिकविली होती हे विसरले जाते.

जेथे शेतकऱ्याची उतरंड संपे तेथे कागद्याची सुरू होई. कुजके तरट, तुटके दोर, फाटक्या गोणी हा त्याचा कच्चा माल. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात ह्या धंद्याची नोंद आहे. कृती सांगावयास सोपी, करावयास हाडे मोडणारी. तरटाचे बारीक तुकडे करून ते भिजत घालीत. मग पायाने चालविण्याच्या जड लाकडी हातोड्याखाली ते कुटीत: एक माणूस तुळईच्या टोकावर पाय देऊन हातोडा उचली, दुसरा खड्ड्यातला माल हाताने सारखा उलटवी. हातोड्याचा आणि हाताचा मेळ चुकला तर बोटे जावयाची. कुटलेल्या मालाला चुन्याचे पाणी लावून ढीग घालीत व काही दिवस मुरू देत. नंतर तो नदीवर नेऊन कापडात धरून धूत. जुन्नरला त्याकरिता कुकडी नदी होती. धुतला की पुन्हा चुना, पुन्हा कुटणे, पुन्हा धुणे; असे अनेक फेरे झाल्याखेरीज लगदा पांढरा व मऊ होत नसे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही अशी म्हण आहे. कागद्याच्या हाती पडलेल्या सुंभाचा पीळ मात्र पुरता जाई.

हा लगदा पाण्याच्या हौदात कालवीत. हौदाच्या काठाशी बसून किंवा उभे राहून कारागीर गवताच्या बारीक काड्यांची चटई लाकडी चौकटीवर ठेवी, ती पाण्यात बुडवून आडवी वर उचली, आणि पाणी गळून गेले म्हणजे चटईवर लगद्याचा पातळ थर राही. तोच कागद. लगदा सगळीकडे सारखा पसरावा म्हणून चौकट किती हलवावयाची हे कोणत्याही पुस्तकात लिहून ठेवता येत नाही; ते मनगटाला कळते. ओले ताव एकावर एक रचून त्यांवर फळी व दगड ठेवीत, पाणी निघाले की एकेक ताव सोडवून गुळगुळीत भिंतीला चिकटवून वाळवीत. वाळलेल्या तावाला तांदळाची खळ लावावयाची, पुन्हा वाळवावयाचा, आणि शेवटी गुळगुळीत दगडाने किंवा शिंपल्याने घोटावयाचा. हे घोटकाम महत्त्वाचे. खळ नसेल तर शाई फुटते, आणि घोटलेला नसेल तर बोरू अडखळतो. मोडी लिपी ज्या वेगाने हात न उचलता धावते तो वेग ह्या घोटीव पृष्ठभागाशिवाय साधला नसता. मोडीच्या वळणाचे श्रेय कारकुनांना मिळते. त्यात कागद्याचाही वाटा आहे.

अशा रीतीने घोटीव होऊन गोण पुन्हा घरांत येई, ती आता वाड्यांत व दफ्तरांत. तेथेही तिची उतरंड चालूच. कागद महाग, म्हणून मुलांना तो मिळत नसे; त्यांनी धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची व पुसावयाची. मोठ्यांची पत्रे अरुंद लांब बंदांवर लिहिली जात, मजकूर वाढला तर बंदाला बंद खळीने जोडीत. एका अंगाने लिहिलेल्या कागदाची कोरी बाजू फुकट घालविणे हा कारकुनी दृष्टीने अपराधच होता. ‘पाठकोरा’ हा शब्द मराठीत उगाच आलेला नाही. पाठकोऱ्या कागदावर घरखर्चाची टिपणे होत, पत्राचे कच्चे खर्डे होत. दोन्ही अंगे भरली की कागद गृहिणीच्या ताब्यात जाई. ती तो भिजवून, वाटलेल्या मेथ्या घालून त्याचा लगदा करी आणि घागरीच्या बुडावर थापून टोपली उठवी, किंवा बांबूच्या सुपांना व टोपल्यांना त्याचे लिंपण देई. मेथीमुळे लगदा चिकट होतो व किडीचे भय कमी होते. सुपातून पीठ सांडत नसे ते ह्या लिंपणामुळे. कागद्याची सारी विद्याच जणू तिने स्वयंपाकघरात आणली होती. फक्त हातोड्याऐवजी पाटावरवंटा.

परंतु ह्याच सद्गुणाची दुसरी बाजू इतिहासाभ्यासकांना फार महाग पडली. टोपलीच्या लगद्यात नेमके काय भिजत पडले हे कोणी पाहिले? १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. सरकारी दफ्तर इंग्रजांनी पुण्यास एकत्र केले, पण सरदारांच्या, कारकुनांच्या, कुळकर्ण्यांच्या घरचे रुमाल माळ्यांवर तसेच राहिले. दोन पिढ्यांनी मोडी वाचणारे डोळे घरात उरले नाहीत. न वाचता येणारा कागद म्हणजे रद्दी. आणि रद्दी वाया घालवावयाची नाही हा तर घरचा जुना शिरस्ता. मग कोणी ती वाण्याला विकली, त्याने तिच्या पुड्या बांधल्या. कोणी पाणी तापविण्यास लावली. कोठे तिच्या टोपल्या झाल्या. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव कागद हुडकीत हिंडले त्या वेळी त्यांना हा प्रकार ठिकठिकाणी आढळला आणि त्यांनी त्याबद्दलचा संताप लपविला नाही. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. असे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते असे कागद एका छपराखाली सुरक्षित यावेत म्हणूनही. पेशवे दफ्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ च्या दरम्यान पंचेचाळीस खंड निवडून काढले. हे जे वाचले ते मोठे आहे. जे गेले ते किती मोठे होते हे आता मोजता येणार नाही.

त्या गृहिणीला किंवा त्या वाण्याला दोष देणे मात्र न्यायाचे होणार नाही. ज्या घराने मुलाला धूळपाटीवर बसवून कागद वाचविला, त्याच घराने तो शेवटी सुपाला लिंपला. दोन्ही ठिकाणी हात एकच होता. चूक झाली असेल तर ती मोडी विसरण्यात झाली.

कागद्यांचा धंदा बसला त्याची कारणे सर्वश्रुत आहेत. विलायती गिरणीचा कागद स्वस्त व एकसारखा होता. १८५९ ते १८६६ ह्या काळात सर चार्ल्स वुड भारतमंत्री असताना सरकारी कचेऱ्यांचा कागद विलायतेहून घेण्याचे धोरण ठरले, आणि हातकागदाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले. पुढे देशातही गिरण्या निघाल्या. पुण्याजवळ मुंढव्यास १८८५ मध्ये डेक्कन पेपर मिल निघाली. व्यापाऱ्यांच्या चोपड्यांपुरता हातकागद काही काळ टिकला, मग तीही मागणी आटली. ज्या मनगटांना चौकट कळत होती ती मनगटे दुसऱ्या कामांना लागली.

गिरणीचा कागद स्वस्त पडला खरा, पण टिकण्याच्या बाबतीत तो जुन्नरीपुढे उभा राहत नाही. लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल राहते व ते त्याला आतून खाते. म्हणून शंभर वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रे हात लावताच पापडासारखी मोडतात. जुन्नरी कागदाचा तंतू लांब व चिवट, त्यात चुन्याचा अंश उरलेला, आणि शाई काजळीची, जी कागदाला जाळीत नाही. त्याचे खरे वैरी पाणी, वाळवी आणि खळीच्या लोभाने येणारी कसर.

१९३४ मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि वर्ध्यास हातकागदाचे प्रयोग सुरू झाले. त्या कामात पडलेले के. बी. जोशी यांनी कागद करण्याच्या कृतीवर पुस्तक लिहिले आणि १९४० मध्ये पुण्यास हातकागद संस्था उभी राहिली. येथे गोणपाटाची जागा शिंप्यांच्या दुकानातील व कापड कारखान्यांतील सुती कातरणीने घेतली. ती निवडावयाची, बारीक कापावयाची, कुटून लगदा करावयाचा, चौकटीवर उचलावयाचा: कृती तीच, फक्त कुटण्याचे हाल यंत्राने वाचविले. जुन्नरच्या कागद्याला ह्या हौदापाशी उभे केले असते तर चौकट कोणत्या हाताने धरावयाची हे त्याला विचारावे लागले नसते.

दफ्तरखान्यात जुना रुमाल सोडताना एक गोष्ट पाहण्यासारखी असते. कापडाची गाठ सुटते, आत कागदाच्या घड्या असतात. एक बंद उचलून उजेडासमोर धरावा. अक्षरांच्या मागे चटईच्या काड्यांच्या पुसट रेघा दिसतात आणि त्यांत कोठेतरी एखादा जाड तपकिरी धागा आडवा पडलेला असतो. तो अंबाडीचा किंवा तागाचा. हातोड्याखालून निसटलेला, अजून किंचित पीळ असलेला.