सात पिसांखालची आठ पिसं

आज एका गरुडाच्या शेपटीतली पिसं मोजायची आहेत. गरुड अमेरिकेचा, 1878 च्या चांदीच्या डॉलरवरचा. इंग्लंडहून आलेल्या जॉर्ज मॉर्गनने तो कोरला, म्हणून संग्राहक याला मॉर्गन डॉलर म्हणतात.

28 फेब्रुवारी 1878 ला अमेरिकन काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष हेज यांचा नकाराधिकार डावलून ब्लँड-ॲलिसन कायदा केला. सरकारने दर महिन्याला 20 ते 40 लाख डॉलरची चांदी घ्यायची आणि तिचे डॉलर पाडायचे. 11 मार्चला फिलाडेल्फियात पहिली नाणी पडलीसुद्धा! या गरुडाला आठ पिसं होती. मग लगेच ठरलं, नक्षीचा उठाव कमी करा आणि पिसंही सात करा. जुन्या नाण्यांवर ती विषम असायची, असं कारण सांगतात.

पण आठवाले साचे तयार होते आणि महिन्याचा आकडा डोक्यावर होता. साचा म्हणजे डाय. उठावदार नक्षीचा पोलादी हब मऊ केलेल्या पोलादावर दाबला, की खोलगट नक्षीचा डाय तयार होतो. टांकसाळीने सात पिसांचा हब सरळ आठवाल्या डायवरच दाबला! आमच्या धंद्यात याला चालू सिस्टिमवर मारलेला पॅच म्हणतात. जुनं पूर्ण पुसलं गेलं नाही. सात पिसांच्या खालून जुन्या पिसांची टोकं डोकावतात, आणि किती डोकावतात ते डायगणिक बदलतं. त्यामुळे एकेक डाय ओळखता येतो. लेरॉय व्हॅन ॲलन आणि जॉर्ज मॅलिस यांनी हेच काम आयुष्यभर केलं. आजही या प्रकारांना त्यांच्या नावांवरून ‘व्हॅम’ क्रमांक देतात.

आता कामाची गोष्ट. डायमधला दोष त्या डायच्या नाण्यांवर पुन्हा पुन्हा दिसतो. डायवर ओरखडा असेल तर नाण्यावर उंच रेघ येते. नाण्यालाच ओरखडा पडला असेल तर खोल रेघ. भिंगाखाली तिरपा उजेड धरा, फरक लगेच कळतो. मधे चकती नसताना दोन डाय एकमेकांवर आपटले, तर एका बाजूची नक्षी दुसरीवर उमटते. 1889 आणि 1891 च्या न्यू ऑर्लिन्सच्या काही डॉलरांवर गरुडाच्या शेपटीखाली ‘लिबर्टी’मधला ई असाच आलाय. अक्षरं दुहेरी दिसली म्हणून मात्र हुरळून जाऊ नका. नाणं पडताना डाय सरकला, तर अक्षराच्या कडेला सपाट पायरी दिसते. हा त्या ठोक्याचा दोष, त्याला फारशी किंमत नाही. डायच दुहेरी असेल तर दोन्ही अक्षरांना गोलाई असते आणि टोकाशी खाच दिसते.

एवढी चिकित्सा कशाला? कारण 1918 च्या पिटमन कायद्याखाली 27 कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले गेले. यातली बरीचशी चांदी ब्रिटिशांनी हिंदुस्थानात रुपये पाडायला घेतली. कोणत्या सालचे किती वितळले, याची नोंदच ठेवली नाही. टांकसाळीच्या वह्यांत किती पाडले ते आहे, किती उरले ते नाही. कोणत्या डायचे किती डॉलर शिल्लक आहेत, हे आता हातात आलेलं एकेक नाणं भिंगाखाली धरूनच मोजावं लागतं. आपल्या आजी-आजोबांच्या पेटीतल्या पंचम जॉर्जच्या 1918 च्या एखाद्या रुपयात कदाचित असाच एक आठ पिसांचा गरुड मुरलेला असेल.