नुसती वाफ

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दिवाळीत घर भरलेलं होतं, मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आणि मधे जे घडलं ते लिहावं की लिहू नये यातच महिना गेला. शेवटी ज्याच्याबद्दल आहे त्यालाच विचारलं. "लिहा आबा, फक्त माझं नाव घालू नका," म्हणाला. म्हणून लिहितो.

नातू पुण्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीला आला तेव्हा सौ.ने त्याची जीन्स धुवायला घेतली, तर खिशात पेनड्राइव्हसारखं काहीतरी. "अभ्यासाचं असेल," म्हणून तिनं ते देवघराशेजारच्या फडताळात जपून ठेवलं. दुसऱ्या दिवशी निरांजन काढायला फडताळ उघडलं तर लिचीचा वास! आमच्या घरात लिची कधी आलेली नाही.

संध्याकाळी त्याला गच्चीवर नेलं. आधी गप्प बसला, मग म्हणाला, "आबा, ही सिगारेट नाहीये. यात धूर नसतोच. नुसती वाफ असते."

रागवायचं ठरवून गेलो होतो, पण हे वाक्य ऐकून थबकलो. एकतीस वर्षं इतिहास शिकवला आहे. हे वाक्य जुनं आहे हे लगेच लक्षात आलं.

गोष्ट आपल्या पैठणपासून सुरू करतो. १६०४ साली आपलं शहर नव्हतंच (मलिक अंबरनं खडकी वसवली ती १६१० मध्ये, त्याची औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर ही नावं तर फार पुढची). त्या वर्षी पैठणला गोदावरीच्या काठी एक शाही लग्न लागलं. नवरा अकबराचा मुलगा दानियाल, नवरी विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची मुलगी. नवरीच्या डोल्याबरोबर इतिहासकार फरिश्ता होता. ही सोयरीक पार पाडायला अकबरानं विजापूरला जो वकील पाठवला, त्याचं नाव असदबेग.

या असदबेगनं विजापुरात तंबाखू पाहिली. गोव्याच्या पोर्तुगीजांमुळे ती दख्खनमध्ये रुळली होती, उत्तरेत मात्र त्यानं कुठे पाहिलेली नव्हती. त्यानं थोडी बरोबर घेतली आणि एक सुंदर नळी तयार करवली. तीन हात लांब, रत्नं जडवलेली, मीनाकारी केलेली. आग्र्याला बादशहापुढे इतर नजराण्यांबरोबर हे तबक ठेवलं. अकबराची नजर गेली ती नळीवर. हे काय, म्हणून विचारलं. मक्का-मदिनेत सगळ्यांना ठाऊक असलेलं औषध आहे, असं एका सरदारानं सांगितलं. बादशहानं दोन-तीन झुरके घेतले.

तेवढ्यात हकीम आडवा आला. त्याचं म्हणणं साधं होतं : आपल्या वैद्यांनी हे पारखलेलं नाही, पारखल्याशिवाय घ्यायचं नाही. असदबेगचं उत्तर त्याच्याच लिखाणात आहे. फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत, त्यांच्यातही शहाणे आहेत, आणि जगातली प्रत्येक रीत कधी ना कधी नवीच होती की!

वर्गात हा प्रसंग सांगितला की मुलं असदबेगच्या बाजूनं टाळ्या वाजवायची. मीही वाजवू द्यायचो. नव्याचं स्वागत करणारा माणूस म्हणून मी त्याला रंगवायचो. खरं सांगायचं तर हकीमाचं बरोबर होतं हे मला निवृत्तीनंतर कळलं.

पुढचं तर आणखी बोलकं आहे. अकबरानं ओढणं चालू ठेवलं नाही. पण असदबेगकडे तंबाखू आणि नळ्या भरपूर होत्या. त्यानं काही सरदारांना वाटल्या, मग ज्याचा त्याचा निरोप येऊ लागला, मलाही पाठव. व्यापाऱ्यांनी विकायला सुरुवात केली आणि पाहता पाहता रीत पसरली. आधी देखणं साधन, मग फुकटचा नमुना, मग दुकान! १६१७ मध्ये जहांगीरनं तंबाखूवर बंदी घातली. उपयोग झाला नाही. त्यानं इराणला पाठवलेल्या वकिलालाच तिच्यावाचून करमेना.

आणि तो पैठणचा नवरदेव? दानियालला दारूचं व्यसन. बापानं पहारे बसवले, तर नोकर बंदुकीच्या नळीत दारू भरून आत नेऊ लागले. लोखंडाचा गंज त्यात उतरलेला. १६०५ मध्ये बुऱ्हाणपूरला गेला, तेहतीसही पुरी नव्हती. बंदुकीच्या नळीतली दारू आणि पेनड्राइव्हच्या रूपातलं निकोटिन. लपवण्याची अक्कल माणसाला तेव्हाही कमी नव्हती.

नंतर हुक्का आला. हुक्क्याचा शोध अकबराच्या हकीम अबुल फतहनं लावला, धूर पाण्यातून गेला की निर्दोष होतो असं त्याचं मत, अशी कथा पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. पण अबुल फतह वारला १५८९ मध्ये, आणि तंबाखू दरबारात आली त्यानंतर पंधरा वर्षांनी! कथा कोणाच्याही नावावर असो, 'पाण्यातून गेला की बाधत नाही' हा समज मात्र चारशे वर्षं टिकला. हुक्का पार्लरमधली पोरं हेच म्हणत. (महाराष्ट्रात ती पार्लरं कायद्यानं बंद झाली २०१८ मध्ये, मुंबईच्या कमला मिल्सच्या आगीनंतर.)

मग फिल्टर. १९५० मध्ये इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल या दोघांनी सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं नातं दाखवलं, आणि त्याच दशकात फिल्टरच्या सिगारेटींचा जगभर सुळसुळाट झाला. मी कॉलेजात बिनफिल्टरची ओढायचो. नोकरी लागल्यावर फिल्टरची घेऊ लागलो आणि स्वतःला सुधारलेला समजू लागलो. असो.

इथवर लिहिणं सोपं होतं.

माझी पहिली शाळा वैजापूरकडच्या एका खेड्यात. मधल्या सुट्टीत आम्ही मास्तर लोक पोरांना सिगारेट आणायला पिटाळायचो. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. टपरीला एक जळती सुतळी टांगलेली असायची. सातवीतला एक चुणचुणीत मुलगा माझी सिगारेट तिथेच पेटवून, वाऱ्यात विझू नये म्हणून ओंजळीत धरून पळत आणायचा. मंडळी, सिगारेट पेटवायची तर आधी एक झुरका घ्यावा लागतो. हे मला तेव्हा सुचलं नाही असं म्हणवत नाही. सुचलं होतं, हसलोही होतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वी तो मला घाटीच्या आवारात भेटला. मीच ओळखला नाही, माझ्यापेक्षा म्हातारा दिसत होता. नाकात नळी, शेजारी मुलानं धरलेलं ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर. "सर, पाया पडलो असतो, पण वाकता येत नाही, दम लागतो." मग हसून म्हणाला, "पहिली तुमचीच होती सर." त्यात तक्रार नव्हती. जुनी आठवण काढावी तसं म्हणाला. वर्षभरात तो गेला.

हे मी घरात कोणालाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी गच्चीवर नातवाला सांगितलं.

मग त्याच्या 'वाफे'बद्दल. भाचीनं, ती डॉक्टर आहे, समजावलं ते असं. वाफ म्हणजे पाण्याची वाफ नव्हे. बॅटरीवर तार तापते, तिच्यावरचा द्रव उडतो आणि त्याचे अतिसूक्ष्म थेंब छातीत जातात. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि वासासाठी रसायनं. तापलेल्या तारेतून निकेल, शिसं यांचे अंशही येतात. लिचीचा अर्क खायला चालतो म्हणून तो तापवून फुप्फुसात ओढायला चालतो असं नाही. शिवाय फुप्फुसं विशीच्या सुरुवातीपर्यंत वाढत असतात, आणि नेमकं त्याच वयात हे सुरू होतं. खोकला, छातीत घरघर हे तर लवकर दिसतं. तीस वर्षांनी काय दिसेल? हे उपकरण बाजारात आलंच मुळी २००३-०४ च्या सुमारास, हान ली नावाच्या चिनी औषधतज्ज्ञानं केलेलं. तीस वर्षं ओढलेला माणूस अजून जगात नाही. हकीम जे पारखायला सांगत होता ती पारख आता आपल्या नातवंडांच्या छातीवर चालू आहे.

२०१९ मध्ये अमेरिकेत धडधाकट तरुण अचानक श्वास कोंडून दवाखान्यात येऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू. निम्म्यांचं वय चोविसाच्या आत-बाहेर. खरं तेही सांगितलं पाहिजे : त्यातल्या बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेलं, भेसळीचं द्रव ओढलं होतं आणि दोष मुख्यतः त्यात मिसळलेल्या ई जीवनसत्त्वाच्या तेलकट रूपाचा निघाला. पण आपल्याकडे चोरून मिळणाऱ्या डबीत काय आहे हे तरी कोणाला माहीत? जुन्या विडीबाजाला सिगारेटपेक्षा हे कमी घातक, असं इंग्लंडचे डॉक्टर म्हणतात. म्हणोत. माझ्या नातवानं विडी कधी ओढलीच नव्हती.

आपल्या सरकारनं १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम काढला आणि त्याच डिसेंबरात कायदा केला. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात, साठा, सगळ्याला बंदी. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला वर्षभर कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. "मग तुला मिळाली कुठे?" म्हणून विचारलं. "क्लासमधल्या एकानं ट्राय करायला दिली. पहिली फुकट होती," म्हणाला. असदबेग!

लेकीला आणि जावयाला त्यानं स्वतःच सांगितलं, मी नाही. भाचीशी तो फोनवर बोलतो. सुटली का? तीन आठवडे झाले म्हणतो, चिडचिड होते म्हणतो. मी सोडली तेव्हा चौथ्यांदा सुटली होती, म्हणून जास्त विचारत नाही.

गेल्या रविवारी आला तेव्हा दौलताबादला जाऊ म्हणाला. मी दर साली सहलीची पोरं घेऊन हा किल्ला चढायचो. आता चांद मिनारापाशी बसतो. तो एकटा वर गेला. पाऊण तासानं त्याचा फोन आला. "आबा, बारादरीवर पोचलो. अंधारीनंतर दोनदा थांबावं लागलं."

"थांबत थांबत उतर," म्हटलं, "मी इथेच आहे."