ऑपरेटिंग सिस्टिम कोसळणे (घरगुती संगणक)

यंत्र आणि त्यावरचे प्रोग्रॅम यांना जोडणारी विंडोज किंवा लिनक्ससारखी प्रणाली अचानक थांबून सगळा संगणकच बंद किंवा रीस्टार्ट होणे. बोलीत ‘ब्लू स्क्रीन आली’, ‘विंडोज उडाली’. एकच प्रोग्रॅम अडकणे म्हणजे ‘हँग होणे’. तो प्रकार वेगळा.

निळा पडदा दिसला की माणूस धास्तावतो. खरे तर तो बचावाचा उपाय असतो. प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, मेमरीतल्या मजकुराचा भरवसा वाटेनासा झाला की डिस्कवरची माहिती बिघडू नये म्हणून तो स्वतःच काम थांबवतो आणि जाताना एक कोड दाखवतो. बहुतेक जण नेमका तोच वाचत नाहीत. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला तर निम्मी शोधाशोध वाचते. २०२५ पासून विंडोज ११ मध्ये हा पडदा काळा झाला आहे.

कर्नेलच्या पातळीवर झालेली छोटी चूक किती महाग पडते, ते १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता सुटली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. मुंबईसह देशातल्या विमानतळांवर चेक-इनचे हाल झाले. काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. हे सॉफ्टवेअर कंपन्या वापरतात, म्हणून घरचे संगणक वाचले. उपाय मात्र घरगुतीच होता: सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच भागांनिशी चालू करून, ती फाइल काढून टाकणे.

बुलढाणा तालुक्यातल्या देऊळघाटसारख्या गावात पहिला संशय लाइटवर घ्यावा. वीज खाली-वर होते, यूपीएसची बॅटरी जुनी असते आणि संगणक कोणताही कोड न दाखवता बंद पडतो. अशा वेळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नेल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते. तिचा अर्थ एवढाच, की संगणक रीतसर बंद झाला नव्हता. ही नोंद एकटीच असेल तर विंडोजला दोष देण्याआधी प्लग, यूपीएस आणि संगणकातला वीजपुरवठ्याचा डबा म्हणजे एसएमपीएस तपासावा.

त्यानंतर धूळ. पंखा आणि हीटसिंक धुळीने भरले की प्रोसेसर तापतो आणि अती तापला की यंत्र स्वतःला बंद करते. ‘मेमरी मॅनेजमेंट’ असा कोड वारंवार येत असेल तर रॅम काढून तिचे सोनेरी पाय खोडरबरने हलके घासून ती पुन्हा घट्ट बसवणे हा दुकानांतला जुना, स्वस्त आणि अनेकदा लागू पडणारा इलाज आहे. अर्थात वायर आधी काढून. तरीही कोड आला तर विंडोजमधलेच मेमरी डायग्नोस्टिक चालवावे.

नवा प्रिंटर, ड्रायव्हर किंवा अपडेट टाकल्यावर त्रास सुरू झाला असेल तर तेच परत काढावे. यंत्र चालूच होत नसेल तर काही अयशस्वी प्रयत्नांनंतर विंडोज आपणहून दुरुस्तीचा पडदा उघडते. तिथून सेफ मोड आणि सिस्टिम रिस्टोअर मिळतात. हार्ड डिस्क टकटक करत असेल तर मात्र दुरुस्तीच्या फंदात न पडता आधी फोटो आणि कागदपत्रे पेनड्राइव्हवर काढून घ्यावीत.

‘फॉरमॅट मारून देतो’ हा दुकानातला सर्वांत सोपा सल्ला. रॅम किंवा एसएमपीएस खराब असेल तर त्याने बिघाड हटत नाही, घरातले फोटो तेवढे जातात.

नव्या लॅपटॉपांत एक वेगळीच अडचण येते. अनेकांत डिस्क आधीपासूनच कुलूपबंद असते आणि दुरुस्तीच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. खरेदीच्या दिवशी ते खाते दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडलेले असेल, तर किल्लीही त्याच्याच खात्यात सापडेल.