खान्देशचा कापूस आणि अंगावरचे वस्त्र



वारीला निघालेला माणूस दुरून ओळखू येतो तो कशावरून? अंगात बंडी, नेसूचे धोतर, डोईला पागोटे किंवा टोपी, खांद्यावर पताका. गळ्यातली तुळशीची माळ जवळ आल्यावर दिसते. आधी दिसते ते कापड. ते कापड ज्या कापसाचे होते, तो कापूस आपल्या जळगाव-धुळ्याच्या काळ्या जमिनीत शेकडो वर्षे पिकत आला आहे. तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांच्या काठी मृगात सरकी टोचायची आणि मग माउलींच्या नाहीतर मुक्ताईच्या पालखीची वाट धरायची, ही कैक घरांची रीत. म्हणून अंगावरच्या या वस्त्राचा इतिहास आज आपण थोडा उलगडून पाहू.

आपल्या संप्रदायाला माग आणि सुई परकी नाहीत. नामदेवराय शिंप्याच्या कुळातले. त्यांची पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत, आणि शिंप्याचा गज, कातर, सुई-दोरा हे सारे त्यांनी नामस्मरणाला जुंपलेले तिथे दिसते. काशीचे कबीर तर विणकरच. ज्ञानोबारायांनी जग आणि जगदीश वेगळे नाहीत हे समजावताना तंतू आणि पट यांचा दृष्टांत घेतला. आता असे पाहा, दृष्टांत ऐकणाऱ्याला उमगायचा तर ती वस्तू त्याच्या नजरेतली असावी लागते. सुतापासून वस्त्र होताना ज्याने कधी पाहिले नाही, त्याला हा दृष्टांत काय कळणार? तेव्हा संतांचे हे दृष्टांत अध्यात्माइतकाच त्या काळच्या गल्लीबोळांचाही पुरावा आहेत.

त्या गल्लीत एका वस्त्राला किती हात लागत, तेही मोजू. कुणब्याने पिकवायचे आणि घरच्या बायांनी वेचायचे. चरकीवर सरकी वेगळी काढायची. पिंजाऱ्याने रुई पिंजायची, पेळू वळायचे, घरोघरी सूत निघायचे. साळी, कोष्टी, मोमीन यांनी ताणा लावून धोटा फेकायचा. रंगारी आणि भावसार यांनी रंग द्यायचा. यावलची नीळ आणि फैजपूरची रंगाई यासाठी एके काळी नावाजलेली होती. शेवटी शिंपी. या हातांत हिंदूही होते, मुसलमानही होते. शिवाशिवीचे नियम कडक पाळणारा माणूससुद्धा या साऱ्यांचा स्पर्श अंगावर पांघरूनच देवळात जाई. सोवळे म्हणून नेसलेल्या धोतरातही हेच हात होते. हा विचार त्या काळी किती जणांच्या मनात आला असेल, देव जाणे.

मोगलांच्या काळी खान्देशचा सुभा बऱ्हाणपूरहून चाले. अकबराने १६०१ साली असीरगड घेतला आणि हा मुलूख दिल्लीच्या हाती गेला. पुढे टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या बऱ्हाणपुरास येऊन गेला. इथली झिरझिरीत मलमल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, इतकेच काय पोलंडपर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. सुरतेच्या बंदराकडे जाणारा माल आपल्या चोपडा, थाळनेर, नंदुरबार या वाटेने जात असे.

पण वैभवाची वाट तीच दुःखाचीही वाट झाली. १६३० साली पाऊस रुसला. त्या वर्षाच्या अखेरीस पीटर मंडी हा इंग्रज सुरतेहून नंदुरबारवरून बऱ्हाणपुराकडे गेला. वाटेत पडलेली प्रेते आणि भुकेने वेडीपिशी झालेली माणसे त्याने पाहिली. सुरतेच्या इंग्रज वखारीला कापड मिळेना, कारण विणकर, धोबी, रंगारी एक तर मेले होते किंवा परागंदा झाले होते. वाचकहो, हा दुष्काळ आपल्याला वेगळ्या नावाने ठाऊक आहे. देहूला तुकोबारायांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, तो हाच दुष्काळ. इंद्रायणीच्या काठी एक वाणी आपल्या वाट्याची कर्जखते पाण्यात बुडवत होता, आणि तापीच्या खोऱ्यात माग ओस पडले होते. जगाला वस्त्र पुरवणाऱ्याच्या घरात चार दाणे नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती पुन्हा येणार आहे.

१८१८ साली इंग्रजी अंमल आला. कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे मुख्य ठाणे केले, तिथे पेठ वसवली. विलायती गिरण्यांचे स्वस्त कापड बाजारात उतरू लागले आणि गावच्या मागाला उतरती कळा लागली. मग १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. भाव काही पटींनी चढले. त्याच दशकात आगगाडी जळगाव-भुसावळला पोचली. ज्वारीच्या रानात कापूस आला. १८६५ साली युद्ध थांबले, भाव कोसळले, आणि ज्याने चढत्या भावावर कर्ज काढले होते तो सावकाराच्या दारात उभा राहिला. परमुलखातल्या लढाईने आपल्या शिवारातले पीक ठरावे, ही रीत तेव्हापासून पडली. शतकाच्या अखेरीस १८९६ आणि १८९९ चे दुष्काळ आले, तेव्हा कापूस विकता येतो पण खाता येत नाही, हे पुन्हा कळले.

कापसामागोमाग गिरण्या आल्या. जळगावात १८७२ साली अप्पा महाराजांनी कार्तिकी एकादशीचा रामरथ सुरू केला, आणि त्याच दशकात तिथे खान्देश मिल उभी राहिली. पुढे अमळनेरला प्रताप शेठजींची मिल झाली. सखाराम महाराजांच्या समाधीने पावन झालेल्या या गावात शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिरही उभारले. गिरणीच्या भोंग्यावर गावाचे घड्याळ चालू लागले. धोटा हातातून गेला आणि यंत्राला जोडला गेला. माणूस मात्र धोट्यासारखाच पाळीपाळीने ये-जा करू लागला.

याच अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० पर्यंत साने गुरुजी शिकवीत होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी अठरा रविवार गीतेवर प्रवचने केली, ती गुरुजींनी उतरून घेतली. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, तिथे खादी आणि ग्रामोद्योग यांचे प्रदर्शन मांडले होते. गुरुजी त्या अधिवेशनासाठी गावोगाव हिंडले, पुढे गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरास तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण मांडले ते विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून. दार उघडले. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. देवाच्या अंगावरचा पोशाख ज्यांच्या कष्टाचा, त्यांनी देवाच्या पायांपासून दूर का राहावे? तंतू आणि पट एक आहेत, हे आपण सातशे वर्षे सांगत आलो. गुरुजींनी त्याचा अर्थ प्राणपणाने विचारला.

आज खान्देश मिलचा भोंगा वाजत नाही. त्या जागी व्यापारी संकुल आहे. १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि गेली. २००२ साली बीटी बियाणे आले, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने त्याच कापसाची बोंडे पोखरली. बियाणे, खत, फवारणी यांचे पैसे आधी मोजायचे आणि भाव मात्र परक्याने ठरवायचा, हे गणित १८६५ पासून फारसे बदललेले नाही. कित्येक घरांत या गणितापायी कर्ता पुरुष उरला नाही. त्या घरच्या माउलीला पांढरे कपाळ कापसानेच दिले.

आता तुम्हाला एक मागणे मागतो. गावोगावच्या सप्ताहांत महाराजांच्या आणि पाहुण्यांच्या गळ्यात शालींवर शाली पडतात. त्या बहुधा कृत्रिम धाग्याच्या असतात, कोणी पांघरीत नाही, पेटीत पडून राहतात. त्या ऐवजी एकच सुती वस्त्र द्यावे, शक्य तर हातमागाचे. उरलेल्या पैशातून गावातल्या एखाद्या आधार तुटलेल्या कापूस उत्पादकाच्या घरी लुगडे आणि मुलांचे कपडे न्यावेत, तेही नाव न पुकारता. काल्याच्या दिवशी दहीलाह्या वाटतो, तसेच वस्त्रही वाटून घेता येते. काला म्हणजे तरी दुसरे काय?

द्रौपदीला देवाने वस्त्र पुरवले ही कथा आपण रंगवून सांगतो. ती सांगताना एवढे विसरू नये, की देव वस्त्र पुरवतो ते कोणाच्या तरी हातानेच. ते हात आपल्या शिवारात आहेत.

पुंडलीक वरदे हरी विठ्ठल!