छोट्या डिस्टिलरीची व्हिस्की: बाटलीवर गाव एक, आत दारू भलत्याच गावची?

गेल्या दिवाळीत माझा मामेभाऊ न्यू जर्सीहून आला, तेव्हा त्याच्या बॅगेत एक बाटली होती. जाड काच, लाकडी बूच, पेनाने लिहिल्यासारखा बॅच नंबर, लेबलवर डोंगर आणि एक दाढीवाला म्हातारा. "ही तुला इथे कुठेच मिळणार नाही, डोंगरातल्या एका छोट्या डिस्टिलरीची आहे," हे त्याने तीनदा सांगितलं. मी सवयीने बाटली फिरवली. मागच्या लेबलच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'डिस्टिल्ड इन इंडियाना'. लेबलवरचा डोंगर ज्या राज्यातला, ते इंडियानापासून हजारभर मैल लांब.

ब्रँडचं नाव सांगत नाही, कारण त्यांनी बेकायदा काहीच केलं नव्हतं. गंमत तीच आहे. क्राफ्ट व्हिस्कीचं वेड आता आपल्याकडच्या रील्सपर्यंत पोहोचलंय. परदेशातले नातेवाईक स्कॉचच्या नेहमीच्या बाटल्यांऐवजी 'कोणालाच माहीत नसलेलं काहीतरी' आणतात आणि त्यासाठी दुप्पट पैसे मोजतात. ते पैसे दारूचे असतात की गोष्टीचे, हे कळायचं असेल तर आधी इंडियानात जावं लागेल.

इंडियानात असं आहे तरी काय?

ओहायो नदीच्या काठावर लॉरेन्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथे एक भलीमोठी जुनी डिस्टिलरी आहे. तिचा इतिहास 1847 पर्यंत मागे जातो. बरीच वर्षं ती सीग्रॅम कंपनीकडे होती, 2011 मध्ये एमजीपी नावाच्या कंपनीने घेतली. तिथे राय या धान्यापासून बनणारी एक व्हिस्की फार गाजली: 95 टक्के राय, 5 टक्के माल्ट केलेला सातू. गाजली, पण स्वतःच्या नावाने नाही. ही डिस्टिलरी तयार, मुरलेली व्हिस्की घाऊक विकते. विकत घेणारे ती आपल्या बाटलीत भरतात आणि आपलं लेबल लावतात. बुलेट राय हा प्रसिद्ध ब्रँड याच व्हिस्कीवर उभा राहिला. त्याच्याबरोबर इतर कितीतरी.

यात सगळ्यात गाजलेलं प्रकरण टेम्पलटन राय या ब्रँडचं. आयोवा राज्यातलं टेम्पलटन हे काही शे वस्तीचं गाव. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती, तेव्हा या गावातले शेतकरी चोरून राय व्हिस्की गाळायचे आणि तिचं नाव दूरवर होतं. 2006 मध्ये याच गावाच्या नावाने ब्रँड आला. लेबलवर 'दारूबंदीच्या काळातली कृती' आणि 'स्मॉल बॅच' असे शब्द. लोक भारावले. बाटलीतली व्हिस्की मात्र लॉरेन्सबर्गची होती. 2014 मध्ये ग्राहक कोर्टात गेले, 2015 मध्ये तडजोड झाली. कंपनीने ग्राहकांना बाटलीमागे काही डॉलर परत द्यायचं कबूल केलं, लेबलवरून ते दोन्ही दावे काढले आणि 'इंडियानात गाळलेली' असं छापलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ती व्हिस्की वाईट नव्हती. खटला चवीचा नव्हताच.

पण तयार दारू विकत का घ्यायची?

कारण व्हिस्की हा धंदा सुरुवातीला फक्त पैसे खातो. तुम्ही आज भट्टी लावली, धान्य आंबवलं, गाळलं. जे हातात येतं ते पाण्यासारखं पारदर्शक असतं. व्हिस्कीचा रंग आणि बरीचशी चव लाकडी पिंपातून येते, आणि त्याला वर्षं लागतात. स्कॉटलंडमध्ये कायद्यानेच किमान 3 वर्षं पिंपात ठेवावी लागते. तोवर पगार, वीज, बँकेचा हप्ता कशातून द्यायचा? म्हणून नव्या डिस्टिलऱ्या दोनपैकी एक करतात. एकतर जिन किंवा व्होडका बनवून विकतात, कारण ती मुरवावी लागत नाही. नाहीतर दुसऱ्याची मुरलेली व्हिस्की आपल्या नावाने विकतात आणि आपली पिंपं मागे ठेवतात.

दुसरा मार्ग प्रामाणिकपणे चालता येतो. युटा राज्यातल्या हाय वेस्टने दुसरीकडची व्हिस्की आणून तिचं मिश्रण करूनच नाव कमावलं, आणि माल बाहेरचा आहे हे त्यांनी लपवलं नाही. चहाच्या बाबतीत आपण हेच मान्य करतो की! पुण्यातल्या चहावाल्याने मळा स्वतः लावावा अशी कोणाची अपेक्षा नसते, मिश्रण त्याचं हवं. फक्त त्याने आसामच्या बागेतला स्वतःचा फोटो छापू नये.

जपानमध्येही अशीच पंचाईत होती. तिथे 'जपानी व्हिस्की' म्हणजे काय हे ठरवणारा नियमच नव्हता. परदेशातून टँकरने आणलेली व्हिस्की जपानी लेबलखाली विकता यायची. 2021 मध्ये तिथल्या उत्पादक संघटनेने स्वतःच नियम ठरवले: आंबवणं, गाळणं, किमान 3 वर्षं मुरवणं, सगळं जपानमध्येच. एप्रिल 2024 पासून ते सदस्यांना पूर्णपणे लागू झाले.

मग खरोखर छोट्या डिस्टिलऱ्या कुठल्या?

माझी सगळ्यात आवडती गोष्ट स्कॉटलंडच्या फाइफ भागातल्या डाफ्टमिलची. कथबर्ट कुटुंबाची ती शेती. 2005 मध्ये त्यांनी शेतावरच्या जुन्या इमारतीत डिस्टिलरी सुरू केली. सातू त्यांच्याच शेतातला. भट्टी वर्षभर चालत नाही, शेतीची कामं कमी असतात त्या हंगामांतच चालते. वर्षाला साधारण 100 पिंपं भरतात. आता खरी गोष्ट ऐका: पहिली बाटली त्यांनी विकली 2018 मध्ये. कायद्याने 2008 मध्येच विकता आली असती. शेतीचं उत्पन्न होतं, घाई नव्हती, म्हणून थांबले. इतकं थांबणं कर्ज काढून धंदा करणाऱ्याला परवडत नाही, हेही खरं.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात बिल लार्क यांना वेगळीच अडचण आली. 1901 च्या कायद्याप्रमाणे 2,700 लिटरपेक्षा छोट्या भट्टीला परवानाच मिळत नसे. म्हणजे छोटं असणंच बेकायदा. लार्क यांनी पाठपुरावा करून हा नियम बदलून घेतला आणि 1992 मध्ये परवाना मिळवला. टास्मानियात 1830 च्या दशकाअखेरीनंतर कायदेशीर डिस्टिलरी झालीच नव्हती. पुढे त्याच बेटावरच्या सलिव्हन्स कोव्हला 2014 मध्ये वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातल्या सर्वोत्तम सिंगल माल्टचा मान मिळाला.

न्यूयॉर्क राज्यातली टटहिलटाउनही अशीच अपघाताने जन्मली. राल्फ एरेन्झो यांनी जागा घेतली होती गिर्यारोहकांसाठी तळ उभारायला. शेजाऱ्यांनी विरोध केला, मग तिथे डिस्टिलरी आली. दारूबंदी उठल्यानंतर राज्यात व्हिस्की गाळणारी ती पहिलीच. त्यानंतर 2007 मध्ये राज्याने शेत-डिस्टिलरीचा कायदा केला. 75 टक्के कच्चा माल राज्यातला वापरा आणि जागेवरच विक्री करा, अशी ती सवलत. आपल्याकडे नाशिकच्या वाइनरीत जाऊन बाटली घेता येते, साधारण तसंच.

टेक्सासमधल्या वेको गावात बॅल्कोनीजने पुलाखालच्या जुन्या वेल्डिंग शॉपमध्ये सुरुवात केली आणि निळ्या मक्याची व्हिस्की काढली. 2012 मध्ये लंडनच्या एका स्पर्धेत तिथल्या सिंगल माल्टने नावाजलेल्या स्कॉचना मागे टाकलं. 2014 मध्ये संस्थापक चिप टेट यांचं गुंतवणूकदारांशी फाटलं, ते बाहेर पडले. 2022 मध्ये कंपनी डियाजिओने घेतली. टटहिलटाउनही 2017 पासून विल्यम ग्रँट अँड सन्सची आहे. त्यामुळे 'छोटी' म्हणून जी बाटली तुम्ही उचलता, तिचा मालक जगातल्या सर्वांत मोठ्या दारू कंपन्यांपैकी एक असू शकतो. चव त्याने बिघडतेच असं नाही. पण 'छोट्या माणसाला मदत' या भावनेने पैसे देत असाल, तर माहीत असलेलं बरं.

लेबल वाचायचं कसं?

'क्राफ्ट', 'स्मॉल बॅच', 'हँडमेड' या शब्दांना अमेरिकेच्या कायद्यात व्याख्या नाही. हजार पिंपांची बॅचही स्मॉल म्हणता येते. त्यामुळे समोरचं लेबल सोडा, मागचं बघा. 'डिस्टिल्ड बाय' लिहिलंय की नुसतं 'बॉटल्ड बाय' किंवा 'प्रोड्यूस्ड बाय'? पहिल्यात गाळणारा कळतो, बाकी दोन्हींत कळेलच असं नाही. कंपनीचा पत्ता एका राज्यातला आणि व्हिस्की दुसऱ्या राज्यात गाळलेली असेल, तर ते राज्य छापणं अमेरिकेत बंधनकारक आहे. माझ्या भावाच्या बाटलीवरची मुंगीएवढी ओळ याच नियमाने आलेली.

वयही बघा. कालच उघडलेल्या डिस्टिलरीची 10 वर्षांची व्हिस्की असेल, तर गणित तुम्हीच करा. 'स्ट्रेट' म्हणजे किमान 2 वर्षं मुरलेली, आणि 4 वर्षांपेक्षा कमी वय असेल तर ते लिहावं लागतं. सगळ्यात भरवशाचा शब्द मात्र जुना आहे, 'बॉटल्ड इन बाँड'. हा 1897 चा कायदा. भेसळीचा सुळसुळाट झाला म्हणून आला: एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, किमान 4 वर्षं मुरलेली, 50 टक्के अल्कोहोलची, आणि कुठे गाळली ते लेबलवर. आता अनेक छोट्या डिस्टिलऱ्या हाच शब्द अभिमानाने मिरवतात, कारण उसना माल आणून त्यावर आपल्याच भट्टीचं नाव टाकता येत नाही.

खरी छोटी म्हणजे चांगलीच, असं मात्र नाही. घाईत असलेल्या डिस्टिलऱ्या छोटी पिंपं वापरतात. त्यात दारूच्या मानाने लाकडाचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे रंग भराभर चढतो. पण रंग म्हणजे मुरणं नव्हे. कैरीला रंग लावून आंबा होत नाही. अशा काही व्हिस्क्यांना ओल्या फळकुटाचा वास येतो, आणि किंमत बघून तो वास आपण 'कॅरेक्टर' म्हणून गोड मानून घेतो.

आपल्याकडे काय?

आपल्याकडचा प्रश्न आणखी मुळाचा आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त व्हिस्कीचा मोठा भाग उसाच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहोलवर बनतो. युरोपीय संघात व्हिस्की धान्याचीच हवी आणि किमान 3 वर्षं पिंपात हवी. तिथे या बाटल्या व्हिस्की म्हणून विकताच येत नाहीत. बंगळुरूच्या अमृतने 2004 मध्ये आपला सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन दाखवला, त्यामागे हीच खोच होती. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनचा माल्ट बनतो, तोही आधी 2012 मध्ये ब्रिटनमध्येच विकायला आला. या काही छोट्या कंपन्या नाहीत, पण इथली हवा त्यांनी कामाला लावली. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के दारू उडून जाते, तिला 'एंजल्स शेअर' म्हणतात. आपल्या उकाड्यात हे प्रमाण त्याच्या कितीतरी पट. म्हणजे इथे व्हिस्की लवकर मुरते, आणि 12 वर्षं ठेवली तर पिंपात फारसं काही उरतच नाही. भारतीय सिंगल माल्टवर वय कमी दिसलं म्हणून नाक मुरडू नका, ते एवढ्यासाठी.

लॉरेन्सबर्गची आठवण करून देणारं ठिकाण मात्र आपल्या पालघर जिल्ह्यात आहे, चिकूच्या डहाणूत. साउथ सीज डिस्टिलरीज ही चिनॉय या पारशी कुटुंबाची कंपनी. अनेक वर्षं इथला माल्ट दुसऱ्या कंपन्यांच्या मिश्रणांत जात राहिला, डहाणूचं नाव कुठेच नाही. 2023 मध्ये त्यांनी 'क्रेझी कॉक' नावाने स्वतःचा सिंगल माल्ट काढला. त्यानंतर मोहापासूनची दारूही आणली. मुंबईहून लोकलने जाता येईल अशा गावात इतकी वर्षं माल्ट बनत होता आणि आपण त्याच चवीसाठी ड्यूटी फ्रीमध्ये रांगेत उभे होतो, हे मला तरी हा लेख लिहितानाच नीट उमगलं.

प्यावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. कायद्याचं तेवढं सांगतो: महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट 25 आहे आणि पिण्याचा परवानाही लागतो. एक दिवसाचा परवाना काही रुपयांत मिळतो, बहुतेकांना तो असतो हेच माहीत नसतं. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला 2 लिटरपर्यंत दारू ड्यूटी न भरता आणता येते.

या 2 लिटरचा हिशेब माझ्या भावाला पाठ आहे. यंदा काय आणू, असा परवा त्याचा मेसेज आला. मी लिहिलं, पैसे देण्याआधी मागच्या लेबलचा फोटो पाठव. त्याने तीन पाठवले. दोनांवर इंडियाना होतं.